श्यामकांत उपासनींचे गुरुवार

दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामकांत उपासनींचं तिसऱ्या मजल्यावरच्या इंदुमती चौबळशी काहीतरी आहे, असं आमच्या निशिगंध सोसायटीत पंचाण्णव सालच्या थंडीत कुजबुजलं जायचं. कुजबुजायचं अशासाठी की कंत्राटदाराने भिंती पातळ बांधल्या होत्या. दर गुरुवारी इंदुमतीचा नवरा पानिपतला गेला की उपासनी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायचे, स्वतःच्या दारावरून मांजराच्या पावलांनी पुढे जायचे आणि वरच्या मजल्यावरचं दार त्यांच्यामागे बंद व्हायचं. चहाच्या सुमारास खाली उतरायचे ते कान लाल, केस विस्कटलेले आणि शर्टाच्या बाहीवर गुलाबी डाग. डाग मी स्वतः पाहिलाय. पुढचं ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे पाहिलं.

ही वावडी कुणी उठवली ते मला विचारू नका. मी पहिल्या मजल्यावर राहायचो, माझं दार जिन्याला लागून होतं आणि रिटायर माणसाला हवा लागते म्हणून ते उघडं असायचं, एवढंच सांगतो.

निशिगंध म्हणजे जमनापारची, पटपडगंजातली सोसायटी. दिल्लीतल्या मराठी नोकरदारांनी वर्षानुवर्षं हप्ते भरून उभी केलेली. आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला फुलकोबीची शेतं होती आणि करोलबागेतले नातेवाईक आमच्याकडे यायचं म्हणजे व्हिसा काढावा लागतो असं तोंड करायचे. मग देशाचे दरवाजे उघडले म्हणतात तसे उघडले, आणि बघता बघता कोबीच्या जागी केबलवाले, ब्यूटी पार्लरं आणि फाडफाड इंग्रजी शिकवणारे क्लास उगवले.

त्या उघडलेल्या दरवाजात ज्यांची बोटं चेंगरली त्यांतले एक आमचे उपासनी. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. कारखान्यांच्या परवान्यांच्या फायली त्यांच्या टेबलावरून जायच्या. माणूस पैशाला शिवणारा नव्हता, पण मान मात्र चाटूनपुसून घ्यायचा. फरिदाबादचे कारखानदार ‘उपासनी साब, उपासनी साब’ करत व्हरांड्यातल्या बाकावर तिष्ठायचे आणि हे चष्मा पुसत त्यांना आणखी तिष्ठवायचे. मग परवानेच गेले. खुर्ची राहिली, टेबल राहिलं, घंटी दाबली की शिपाईही यायचा. पण बाकावर कुणी नाही. रिकाम्या बाकासमोर दिवसभर बसलेला माणूस संध्याकाळी कुठेतरी राज्य करणारच. उपासनींनी ते आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळाच्या वाचनालयावर केलं.

वाचनालय म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीत चार लोखंडी कपाटं आणि त्यांच्या किल्ल्या उपासनींच्या कमरेला. शनिवारी संध्याकाळी उघडायचं. पान दुमडलं तर दंड, पुस्तक पालथं ठेवलं तर समज. आणि सगळ्यांत मोठा नियम बाइंडिंगचा. नवं पुस्तक आलं की वाचकाच्या हाती पडण्याआधी ते पहाडगंजला जायचं. तिथे मराठी शाळेच्या मागच्या गल्लीत एक बाइंडर होता. तो चित्राचं कव्हर फाडून फेकायचा, कडा छाटायचा, पुठ्ठा घालून वर मरून रंगाचं रेक्झिन चढवायचा आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा. शंभर पानांच्या आतली पुस्तकं पाच-पाच एकत्र बांधायची, कारण पातळ पुस्तक हरवतं. महाराष्ट्रातल्या जुन्या वाचनालयांत हीच रीत, उपासनींनी काही नवं काढलं नव्हतं. पण चार कपाटांत रचलेल्या त्या मरून विटा पाहिल्या की माणूस आपोआप आवाज खाली आणायचा, कुणीतरी गेल्यासारखा.

यायचं कोण? मी, वर्तमानपत्राला. राजाभाऊ, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, झोपायला. आणि कधी धुळ्या-लातुराकडून यूपीएससीसाठी आलेली पोरं, फुकट पंखा मिळतो म्हणून.

उपासनींची एकुलती एक मुलगी कादंबरी. नाव बापाने हौसेने ठेवलेलं. मुलीने मात्र चौदाव्या वर्षापर्यंत एकही मराठी पुस्तक पुरं केलं नव्हतं. त्यात तिचा दोष नाही. अकराव्या वाढदिवसाला बापाने तिला आठशे पानांचं ऐतिहासिक काहीतरी दिलं, रोज मोठ्याने वाचून दाखवायच्या अटीवर. पोरगी पहिल्याच लढाईत तापाने फणफणली. तेव्हापासून मराठी पुस्तक दिसलं की, “बाबा, प्लीज ना, मला होमवर्क आहे!” दिल्लीत वाढलेली. तिचं मराठी हिंदीच्या कडेवर बसून फिरायचं. ‘मला चिढवू नका’, ‘माझी पेन गुम झाली’, इतपत. उपासनींना त्याचा घोर लागला होता. आपल्यामागे ही कपाटं उघडणारं घरात कुणी नाही. मुलीने आपल्या हातून एक, फक्त एक मराठी पुस्तक घ्यावं आणि आपण होऊन शेवटपर्यंत वाचावं, ह्यापलीकडे त्या माणसाने देवाजवळ काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

आणि अशात इंदुमती आली.

तिचा नवरा यतीन चौबळ एका एक्सपोर्ट कंपनीत होता. परदेशी पाठवायच्या चादरी आणि सतरंज्या पानिपतला विणून घ्यायच्या, त्यांवर देखरेख करायला तो दर गुरुवारी तिकडे जायचा. मराठी माणूस दर आठवड्याला पानिपतावर जातो आणि धडधाकट परत येतो, ह्याचं आम्हाला पहिले काही महिने फार कौतुक होतं. इंदुमती नाशिकची, पस्तिशीची, सावळी, हसरी, स्कूटर चालवणारी. मूलबाळ नव्हतं. ट्रकमधून फर्निचर थोडं उतरलं आणि खोकी फार.

“भांडी का हो?” राजाभाऊंनी विचारलं.

“भुतं,” ती म्हणाली. “आणि थोडे डाकू.”

खोक्यांत पोरांची पुस्तकं होती. लहान पोरांची नव्हेत. परीकथा वाचायची लाज वाटते आणि मोठ्यांचं वाचलं की झोप येते त्या अडनिड्या वयाची. हॉस्टेलातल्या खोड्या, मंगळावर अडकलेली क्रिकेटची टीम, उचकी लागलेलं भूत, चोराच्या मागे धावता धावता स्वतःच पोलिसांच्या हाती सापडणारी भावंडं. निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी. इंग्रजी पुस्तकं ती रविवारी सकाळी दरियागंजच्या फुटपाथवर उकिडवी बसून वेचून आणायची. मराठीसाठी तिने आमचीच एक जुनी रीत वापरली. आमच्यात कुणी पुण्या-मुंबईला निघालं की अख्खी सोसायटी त्याच्या दाराशी येते, येताना मेतकूट आणा, गोडा मसाला आणा, पंचांग आणा. इंदुमती म्हणायची, “मला मेतकूट नको. रद्दीवाल्याकडे पोरांची पुस्तकं मिळतात, ती आणा. पातळ बघून आणा.” आलेलं प्रत्येक पुस्तक ती आधी स्वतः वाचायची. नापास करायची कसोटी एकच.

“शेवटी मुलगा सुधारतो का हो?”

“सुधारतो की! फार छान सुधारतो,” आणणारा बिचारा उत्साहाने सांगायचा.

“मग ते तुमच्याकडेच ठेवा.”

तिच्या बाल्कनीत पानिपतची सतरंजी, कडेने फळ्या, फळ्यांवर रंगीबेरंगी कव्हरं आणि मध्ये पालथी पडलेली पोरं. चिवडा खात वाचायची. पानापानाला हळदीची बोटं. नोंद नाही, दंड नाही. नियम एकच, पुस्तक आवडलं नाही तर परत देताना त्याला मोठ्याने शिव्या द्यायच्या, आणि मराठी पुस्तकाला मराठीतच. त्या वर्षी आमच्या जिन्यात जेवढं सणसणीत मराठी ऐकू आलं तेवढं मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धांत जन्मात ऐकलं नव्हतं.

एके संध्याकाळी त्या गलक्यात कादंबरीचं हसू ऐकू आलं. नेमके तेव्हाच उपासनी ऑफिसची बॅग घेऊन जिना चढत होते. माझ्या दाराशी थबकले.

“हा आवाज कुणाचा?”

“तुमच्या लेकीचा.”

“एवढं काय हसतेय?”

“वाचतेय.”

“इंग्रजी असेल.”

“छे हो. उचकी लागलेलं भूत. आमच्या नीलाने पुण्याहून आणलं परवा, पापडाच्या पिशवीत.” नीला म्हणजे आमच्या मंडळी.

आपली बायको दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून चाललेली दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला. वरून पुन्हा हसू आलं, चांगलं खळखळून. उपासनींनी बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली.

“त्या बाईकडे असं आहे तरी काय?”

“चिवडा,” मी म्हटलं.

मी गमतीने म्हटलं. त्यांनी घरी जाऊन बायकोला, म्हणजे सरलावहिनींना, शनिवारसाठी चिवडा करायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “अहो, रेक्झिनला तेल लागलं तर तुम्ही मलाच दंड कराल.” तो बेत तिथेच राहिला, पण मत्सर राहीना. घरात उठताबसता ‘इंदूमावशी म्हणते’ सुरू झालं होतं. इंदूमावशी म्हणते बोअर झालं की पुस्तक सोडून द्यायचं. इंदूमावशी म्हणते वाचताना खाल्लं तर दोन्ही पचतं. इंदूमावशीचं नाव निघालं की उपासनींचा घास हातात राहायचा. तिच्या स्कूटरचा आवाज आला की ते खिडकीपाशी जायचे, पिशवीत किती पुस्तकं आहेत ते वरूनच हेरायला. शनिवारी खोली उघडून बसले की कान छताकडे.

उन्हाळ्यात पुतण्याच्या मुंजीसाठी उपासनी पुण्याला गेले आणि तिथे त्यांनी डाव साधला. अप्पा बळवंत चौकाजवळ एक म्हातारा प्रकाशक दुकान मिटवत होता. त्याच्याकडे पोरांसाठी कधीकाळी छापलेली, आता कुठेच न मिळणारी पुस्तकं पडून होती. इंदुमतीच्या तोंडाला पाणी सुटावं अशी. उपासनींनी मंडळाच्या खरेदीच्या पैशांतून ती सगळी उचलली. परतीच्या गाडीतली हकिकत सरलावहिनींनी नीलाला सांगितली ती अशी.

“मी खालच्या बर्थवर. वर काहीतरी गदगदा हलतंय. मला वाटलं ह्यांना थंडी वाजून आली की काय! उठून बघते तर पुस्तक तोंडावर धरून हसतायत. समोरचा सरदार म्हणतो, बहनजी, साहब ठीक तो हैं? माझ्यासमोर नाही हो असे कधी हसले इतक्या वर्षांत.”

म्हणजे पुस्तकं फर्मास होती, आणि ती तशी आहेत हे उपासनींनाही कळलेलं होतं. गाडी नवी दिल्ली स्टेशनात शिरली. घरी जायचं, सुटकेस उघडायची आणि पोरीपुढे पालथी करायची, एवढंच काम. पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की पहाडगंज.

“अहो, आधी तिला दाखवा तरी!” वहिनी रिक्षात बसता बसता म्हणाल्या.

“आणि फाटली म्हणजे? बांधून येऊ देत आधी.”

आली बांधून. पस्तीस पातळ, रंगीत, खोडकर पुस्तकं गेली आणि मरून रेक्झिनचे सात ठोकळे परत आले. पाठीवर नंबर, आणि ह्या खेपेला कौतुकाने सोनेरी अक्षरं, ‘किशोर वाङ्मय, खंड पहिला’ ते ‘खंड सातवा’. उपासनींनी ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि लेकीला हाक मारली.

“बाबा, ही वकिलाची बुक्स आहेत?”

“उघडून तर बघ!”

तिने उघडलं. पहिल्या पानावर वाचनालयाचे नियम चिकटवलेले. तिने अलगद मिटलं. “मी संडेला बघीन हं.” बिचारी बापाला दुखवत नव्हती, संडे कुठला ते मात्र बोलली नाही.

गणपतीत दोघांची पुस्तकांची टेबलं शेजारी शेजारी लागली. इंदुमतीच्या टेबलावर पोरांची झोंबाझोंबी, उपासनींच्या टेबलावर सात खंड आणि उदबत्ती. लांबून मला वाटलं आज कुणाचं पारायण आहे. संध्याकाळी ‘माझं आवडतं पुस्तक’ अशी भाषणांची स्पर्धा झाली आणि कादंबरीने उचकी लागलेल्या भुतावर बोलून पहिला नंबर काढला. काय बोलली! मध्येमध्ये हिंदी ठेचकाळत होती, पण सभागृह पोट धरून हसत होतं. राजाभाऊ बक्षीस द्यायला उठले. माइक हातात आला की त्यांना थांबवणं कठीण.

“अरे, नंबर येणारच! वाचनालयाच्या चिटणीसांची कन्या! बाळ, सांग सगळ्यांना, हे पुस्तक तुला बाबांनीच दिलं ना?”

“नाही काका. बाबांची बुक्स उघडतच नाहीत. इंदूमावशीने दिलं.”

लोक हसले. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या उपासनींनी वाजवल्या. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. टाळ्या वाजवताना दातावर दात असे घट्ट बसले होते की प्रसादाचा पेढा तोंडात जाईना.

दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर नोटीस लागली. ‘निवासी सदनिकेत कोणतीही संस्था चालवणे उपविधीनुसार वर्ज्य आहे.’ सही, चिटणीस. सोसायटीचे चिटणीसही उपासनीच. आमच्या सोसायटीत चार बायका पापड लाटून विकत होत्या, एक जण घरी शिकवण्या घेत होता, त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. इंदुमती भांडली नाही. तिने बाल्कनीचं दार लावून घेतलं. आणि कादंबरीने बापाशी बोलणं टाकलं.

तीन-चार दिवस उपासनींनी कळ काढली. शनिवारी मात्र कपाटं सताड उघडून तिला म्हणाले, “घे. तुला हवं ते घे. नोंदसुद्धा नको.” तिने तिसरा खंड उचलला, दोन्ही हातांनी. उपासनी माझ्याकडे धावत आले. “नेलं! तिसरा खंड नेला! त्यात तर सगळ्यांत धमाल पुस्तकं आहेत हो!” इतका आनंद मी त्यांच्या प्रमोशनलाही पाहिला नव्हता.

रात्री ते हळूच मुलीच्या खोलीत डोकावले. तिसरा खंड जमिनीवर होता. त्याच्याखाली गुंडाळून गुंडाळून वाकडा झालेला चित्रकलेचा कागद सपाट होत होता. कादंबरीने मान वर केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापाशी बोलली.

“मस्त वजन आहे, बाबा. अजून दोन आणाल?”

दुसऱ्या दिवशी उपासनी तिसऱ्या मजल्यावर गेले. माझं दार उघडं होतंच.

“चौबळबाई, ती नोटीस मी लावलीय.”

“माहीत आहे. अक्षर सुरेख आहे तुमचं.”

“माझी मुलगी...”

“रडते का?”

“ते परवडलं असतं.”

मग इंदुमतीचा आवाज आला, नेहमीचं हसू त्यात नव्हतं. “श्यामकांतराव, खरं सांगू? पुण्याहून तुम्ही काय आणलंत ते सरलावहिनींकडून ऐकलं तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. किती वर्षं ती पुस्तकं शोधत होते मी! तुम्हाला मिळाली, आणि तुम्ही ती रेक्झिनमध्ये पुरलीत. जळते मी तुमच्यावर.”

“तुम्ही? माझ्यावर?” उपासनींचा आवाज असा चढला की जणू व्हरांड्यातल्या बाकावर पुन्हा कुणीतरी येऊन बसलं होतं.

“आत या आधी.”

मग दार लोटल्याचा आवाज. मला गच्चीवरची टाकी भरली का ते बघायचं होतं म्हणून मी थोडा वर चढलो, तेवढ्यात निरोपाचं वाक्य कानावर पडलं. “तर मग गुरुवारी या. गुरुवारी हे पानिपतला असतात, घर मोकळं असतं. घरी मात्र बोलू नका.”

आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर माणसाने टाकी बघावी की काय करावं?

नोटीस उतरली. बाल्कनी उघडली. बाल्कनी पोरांसाठी शनिवार-रविवार. गुरुवारची दुपार उपासनींची. काल ज्या बाईच्या नावाने बोटं मोडायची तिच्याकडे आज चोरपावलांनी जायचं, ह्याचा अर्थ लावायला पंडित लागत नाही. राजाभाऊ म्हणाले, “फितला.” पापडवाल्या बायकांनी तर शर्टावरचा गुलाबी रंग कुठल्या कंपनीच्या लिपस्टिकचा तेही ठरवून टाकलं. आता बाजारात परदेशी कंपन्याही आल्या होत्या, त्यामुळे मतभेदाला वाव होता.

गोष्ट सरलावहिनींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी वर डबे पाठवणं बंद केलं. जिन्यात इंदुमती भेटली तर पदर सावरून भिंतीकडे बघायच्या. नीलापाशी एकदा बांध फुटला. “तिच्यात काय आहे हो माझ्याहून? स्कूटर?” नीला म्हणाली, “जाऊन बघा की एकदा.” पुढच्या गुरुवारी वहिनी गाजराच्या हलव्याची वाटी घेऊन जिना चढल्या. अख्ख्या जिन्याने श्वास रोखला. राजाभाऊंनी तर खाली खुर्ची आणून ठेवली, कुणाला भोवळ आली तर असावी म्हणून. आरडाओरडा नाही, भांडं आपटल्याचा आवाज नाही. वहिनी बऱ्याच वेळाने उतरल्या त्या रिकाम्या हाती.

“वाटी?” नीलाने विचारलं.

“राहिली वर.” आणि मग, डोळे पुसत, “दार वाजवायच्या आधीच ऐकू आलं मला. हसत होते ते. गाडीत हसले होते तसे.”

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी वहिनी आपण होऊन नवऱ्याला जुना शर्ट काढून द्यायच्या. राजाभाऊ म्हणाले, “घ्या! आता तर बायकोचीच फूस!” कुजबूज दुप्पट झाली.

त्या थंडीत कादंबरी सुटलीच. ताटाशी पुस्तक, न्हाणीघरात पुस्तक, शाळेच्या बसमध्ये पुस्तक. एकदा जेवताना तिला हसता हसता ठसका लागला. उपासनी शेजारच्याच खुर्चीवर होते.

“काय वाचतेस?” त्यांनी भाताकडे बघत विचारलं.

“मावशीकडचं आहे. तुम्हाला नाही आवडणार, बाबा. फार फनी आहे.”

“बरं. वरचं चित्र कसं आहे?”

तिने कव्हर फिरवून पाहिलं. “एकदम बेकार. घोड्याला पाच पाय आहेत वाटतं. पण आतली स्टोरी इतकी मस्त आहे ना! इंदूमावशी कुठून शोधून आणते काय माहीत. तिची चॉइसच अलग आहे. तुम्हीसुद्धा तिला विचारून आणत जा ना, बाबा.”

“विचारीन,” उपासनी म्हणाले. त्या जेवणात त्यांना नेहमीचं ताक मागायची आठवण राहिली नाही.

पुढे दोन वर्षांनी चौबळांना कंपनीने गुडगावला मोठं घर दिलं. ट्रक भरला त्या दिवशी कादंबरी इंदुमतीच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. उपासनी माझ्याजवळ उभे होते.

“माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला इतकी रडली नव्हती ही,” ते म्हणाले. त्या बाईचा हेवा त्यांना तेव्हाही वाटत होता आणि नंतरही वाटत राहिला. गुडगावचं नुसतं नाव निघालं तरी मान फिरवायचे.

खरं काय ते सरलावहिनींनी चौबळ गेल्यानंतर नीलाला सांगितलं. श्यामकांत उपासनी गुरुवारी दुपारी इंदुमतीकडे बसून मंडळाचे ते सातही खंड ब्लेडने उसवत होते. पुस्तकं सुटी करायची, खळ लावून जाड कागदाची कव्हरं घालायची आणि त्यांवर रंगाने चित्रं काढायची, हे काम दोघं मिळून करत. घरी केलं असतं तर कादंबरीने पाहिलं असतं, आणि बाबांची पुस्तकं म्हणून ती हातात घेतली नसती. म्हणून ती इंदुमतीच्या फळीवर ठेवली. कादंबरीने सगळी वाचली. ती पुस्तकं इंदुमतीनेच आणली होती असं ती अजून समजते. बापाने तिला सांगितलेलं नाही.